काविळीची वेल

६ सप्टेंबर १९८२, सोमवार

आज समितीने मला बोलावलं होतं. वकिलांनी उठून खुर्ची दिली, त्यामुळे चौकशीसारखं वाटलं नाही.

आमच्या केंद्रात काविळीवर संशोधन चालतं. पुढच्या महिन्यापासून एका गावठी औषधाची चाचणी घ्यायची आहे आणि ते औषध माझ्या सासूबाईंचं आहे. कोंडाण्याच्या अंबूबाई दर रविवारी काविळीवर पाला देतात, हे कर्जत-खालापुरात कोणालाही विचारलं तरी सांगतील. मी त्यांची सून, त्यांना आत्याबाई म्हणते. केंद्रात रोग्यांचं रक्त काढायचं आणि डोळ्यांतला पिवळेपणा पाहून लिहायचा, हे माझं काम. त्यामुळे माझा काही हितसंबंध आहे का, हे आधी तपासायला हवं, असं आमचे प्रमुख डॉ. दिघे म्हणाले. दिल्लीहून तसे नियम आलेत. समितीत ते स्वतः, मुंबईच्या विश्वस्तांपैकी एक वयस्क डॉक्टर आणि कर्जतचे वकील.

वकिलांनी विचारलं, "औषध खरं ठरलं तर तुम्हाला काय मिळेल?"

"काही नाही. आत्याबाई पैसे घेत नाहीत. घेतले तर पाल्याचा गुण जातो, असं त्या मानतात."

"घराचं नाव होईल."

"नाव आहेच."

"सासूबाईंचा धाक?"

"तो घरी. इथे नाही."

मुंबईचे डॉक्टर हसले. दिघे हसले नाहीत. म्हणाले, "जयवंताबाई, तुम्हाला बाजूला ठेवणं सगळ्यात बरं. पण डोळे पाहायला माझ्याकडे दुसरं माणूस नाही. वाल्मिक अजून शिकतोय."

शेवटी असं ठरलं: निम्म्या रोग्यांना आमच्या वेलीचा रस द्यायचा, निम्म्यांना तसाच हिरवा, तसाच कडू दुसऱ्या पाल्याचा. नर्सबाई बंद खोलीत पाजतील. कोणाला कुठला, ते मला आणि वाल्मिकला कळणार नाही, रोग्यालाही नाही. रक्त बर्फात घालून मुंबईला जाईल आणि तिथले आकडे थेट दिघ्यांकडे येतील. काविळीवर नेमकं औषध असं नाहीच, विश्रांती आणि पथ्य दोघांनाही सारखं, त्यामुळे कोणाचं नुकसान नाही. फक्त गरोदर बाई आली तर चाचणीत घ्यायची नाही. तिला कावीळ जिवावर बेतू शकते, तिला सरळ मोठ्या इस्पितळात पाठवायचं.

सासू माझी असली तरी मी तिच्या बाजूने झुकणार नाही, असं लिहून सही केली. सही करताना बरं वाटलं.

१२ सप्टेंबर, रविवार

ओटीवर सकाळपासून माणसं. आत्याबाई अंघोळ करून परसात जातात, वेलीपुढे काहीतरी पुटपुटतात आणि ओच्यात पाला घेऊन येतात. वेलीचं नाव घ्यायचं नाही. वाटायचं काम लग्न झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं माझ्याकडे आहे. शेवटचा माणूस जाईपर्यंत आत्याबाई जेवत नाहीत, आणि त्या जेवल्याशिवाय मी जेवत नाही. रविवारी गाव सोडायचं नाही. माझ्या भावाचं लग्न रविवारी होतं. मी सोमवारी गेले तेव्हा मांडव उतरवत होते. हे नुसतं नोंदवून ठेवते, तक्रार म्हणून नाही.

हात कितीही घासले तरी पाल्याचा वास जात नाही. हे म्हणतात, बुधवारपर्यंत येतो. मला तर तो अंधारातही ओळखू येईल.

जेवताना आत्याबाई म्हणाल्या, "जयू, यंदा शिमग्याला वेल तुज्या हाती देते गं. माज्या हातात आता जोर नाय."

मी बरं म्हटलं.

वेल हाती द्यायची म्हणजे पाट्याची पूजा करायची, नारळ फोडायचा, आणि त्या दिवसापासून औषध सुनेचं. आत्याबाईंना त्यांच्या सासूने असंच दिलं. लेकींना देत नाहीत, त्या परक्या घरी जातात.

केंद्राच्या चाचणीची मात्र त्यांना जराही धास्ती नाही. दिघे विचारायला आले होते तेव्हा म्हणाल्या होत्या, "बगा की. खरं हाय तर भ्यायचं कशाला?"

२८ सप्टेंबर, मंगळवार

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात रक्ततपासणीचं वर्षभराचं शिक्षण आहे, एप्रिलपासून. दिघ्यांनी माझं नाव सुचवलं आहे. होकार डिसेंबरअखेर कळवायचा.

ह्यांना सांगितलं. हे खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर असतात, आज घरी होते. म्हणाले, "तुझी मावशी आहे तिथे. मी सुट्टीला येत जाईन. वर्ष काय, निघून जाईल."

"शिमग्याला वेल घेतली की कसली मुंबई? दर रविवारी इथे पाहिजे."

"मग घेऊ नकोस."

"असं आत्याबाईंना सांगता येतं?"

"नाही येत," हे म्हणाले, आणि सायकलची साखळी बघायला उठले.

याचा चाचणीशी काही संबंध नाही. त्यामुळे दिघ्यांना सांगायचं कारण नाही.

११ ऑक्टोबर, सोमवार

चाचणी सुरू झाली. रोगी खिडकीजवळ बसवायचा, खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग पाहायचा, आणि शून्य ते चार यांपैकी एक आकडा लिहायचा. चार म्हणजे हळदीसारखा. दर सोमवारी हेच रोगी परत येतील.

खालापूरची सोनुबाई पहिली. चार. म्हणाली, "आमी अंबूबाईकडंच चाललो व्हतो, रस्त्यात इथल्या गाडीवाल्यानं सांगितलं का त्योच पाला हितं भेटतो." तोच असेल किंवा नसेल, हे दिघ्यांनी तिला दोनदा समजावून सांगितलं. तिने दोन्ही वेळा मान हलवली.

१८ ऑक्टोबर, सोमवार

सोनुबाई नर्सबाईंकडून रस पिऊन आली. पापणी ओढायला वाकले तर तिच्या तोंडाला आमच्या परसाचा वास. डोळे दोन म्हणावेत की तीन, ठरेना. तीन लिहिलं. घरचं औषध म्हणून हात सैल सोडायचा नाही, हे मी पक्कं केलं आहे.

तिच्यामागून कान्हा नावाचा तरुण. त्याला तो वास नव्हता. त्याचंही दोन-तीनच्या मध्ये वाटलं. दोन लिहिलं.

१५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी, केंद्र बंद. भात झोडून झालं. आत्याबाईंनी माझ्यासाठी हिरवं लुगडं आणलं आहे. म्हणाल्या, "शिमग्याला नेस." मी नोकरीला जाते तेव्हापासून पाचवारीच नेसते, हे त्यांना माहीत आहे. लुगडं चांगलं आहे.

२९ नोव्हेंबर, सोमवार

आता बरेच रोगी झाले. माझ्या नोंदींवरून दिसतं ते असं की वेलीचे रोगी मागे पडतात. दुसरे लवकर निवळतात. मला याचा आनंद नाही, दुःखही नाही. जे आहे ते आहे.

आज वाल्मिकशी थोडं वाजलं. एका बाईचे डोळे मी दोन लिहिले. तो शेजारी होता. म्हणाला, "ताई, हिचे तर निवळलेत."

"खिडकीकडे वळव."

त्याने वळवलं. "निवळलेत," पुन्हा तेच.

शिकाऊ माणसाला फिकी छटा दिसत नाही. मी दोनच ठेवलं.

६ डिसेंबर, सोमवार

दिघे मुंबईला. मुंबईच्या इस्पितळातून विचारणा आली की जयवंताबाईंचं काय ठरलं. वाल्मिकने फोन घेतला आणि "विचारून सांगतो" म्हणाला. मला विचारलं. मी म्हटलं, महिनाअखेर आहे अजून.

१२ डिसेंबर, रविवार

आज सांगितलं.

दुपारी शेवटचा माणूस गेला. आम्ही जेवून उठलो. आत्याबाई पाट्याला हात लावून म्हणाल्या, "ह्यो पाटा बी आता टाकीला द्याया पायजे. तुज्या हातात द्यायचा तर नवा करून देते."

मी म्हटलं, "आत्याबाई, एक सांगू का? केंद्रात दोन महिने मी डोळे बघतेय. ज्यांना आपल्या वेलीचा पाला मिळतो ते उशिरा बरे होतात."

"कुनापेक्षा?"

"ज्यांना नाही मिळत त्यांच्यापेक्षा."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. पुन्हा सांगितलं. मग त्या खाली बसल्या. "म्हंजी पाल्यानं वाईट व्हतं?"

"थोडं. दिसतं तसं."

"तू सोता बगितलंस?"

"हो."

मला वाटलं होतं भांडतील, किंवा केंद्राला नावं ठेवतील. तसं काही झालं नाही. त्यांनी विचारलं, "भागूबाईची सून पोटुशी व्हती बग. पिवळी पडली व्हती. तिला मी तीन रविवार पाला दिला. ती गेली. ती माज्या पाल्यानं गेली का गं?"

ही माझ्या लग्नाआधीची गोष्ट आहे, मला माहीत नव्हती. मी म्हटलं, "ते कसं सांगणार?"

"तू शिकलेली हायस. सांग की."

मी भांडी घ्यायला उठले.

खरं ते सांगितलं, एवढंच. चाचणी पुरी होईपर्यंत थांबायला हवं होतं का, असा विचार आला. पण पाट्याला टाकी लावून नवा केला असता तर खर्च वाया गेला असता.

१५ डिसेंबर, बुधवार

आत्याबाई नीट जेवत नाहीत. काल भाताची दोन शितं ताटात फिरवली आणि उठल्या. हे मला म्हणाले, "काय सांगितलंस आईला?" मी सांगितलं. हे म्हणाले, "आत्ताच सांगायचं होतं?" मी म्हटलं, मग कधी?

१८ डिसेंबर, शनिवार

केंद्राचा पाला दर शनिवारी नर्सबाई आमच्या परसातून नेतात. आज आत्याबाईंनी त्यांना दारातच अडवलं. "न्हाय देनार. मानसं बिगडतात त्यानं. आमच्या जयूनं बगितलंय." नर्सबाई रिकाम्या हाताने गेल्या.

१९ डिसेंबर, रविवार

पाला दिला नाही. आत्याबाई ओटीवर बसून एकेकाला परत पाठवत होत्या. लोक ऐकेनात. एक म्हातारा नेरळहून आलेला, तो पायाच पडला. आत्याबाई आत येऊन कोनाड्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग मीच बाहेर जाऊन सांगितलं की औषध बंद आहे, केंद्रात जा.

आज पाटा धुवायचा नव्हता. दुपार फार मोठी वाटली.

२० डिसेंबर, सोमवार

दिघ्यांनी खोलीत बोलावलं. दार लावलं, वाल्मिकला बाहेर थांबायला सांगितलं.

"अंबूबाई म्हणतात, वेलीचे रोगी बिघडतात. हे तुम्ही सांगितलं?"

"हो. बिघडतात नाही म्हटलं, उशिरा बरे होतात म्हटलं."

"चाचणी चालू असताना घरी सांगितलं, ते एक. पण मला दुसरं कळत नाही. वेलीचे रोगी कोणते, हे तुम्हाला कसं कळलं?"

मला प्रश्नाचं नवल वाटलं. "वास येतो की."

"कसला?"

"वेलीचा. तोंडाला येतो, हातांना येतो. दोन-तीन दिवस राहतो."

दिघ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मी दोन्ही रस स्वतः हुंगून निवडले. मला फरक कळला नाही. नर्सबाईंना नाही, वाल्मिकला नाही. सात-आठ जणांना हुंगायला दिले होते."

"मला कोणी विचारलं नाही."

"नाही विचारलं," ते म्हणाले. "तुम्ही तरी सांगायचं."

"वास लिहायला रकाना नव्हता."

हे मी उद्धटपणे म्हटलं नाही. खरंच नव्हता. वास येतो हे मला ठाऊक होतं, पण त्यामुळे माझं काम बदलतंय असं कधी वाटलं नाही. उलट वास आला की मी जास्तच काटेकोर पाहत होते.

तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "हो. तेच तर."

२३ डिसेंबर, गुरुवार

दिघ्यांनी मुंबईचे रक्ताचे आकडे आणि माझे डोळ्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. मला आणि वाल्मिकला समोर बसवून सांगितलं.

रक्तात दोन्हीकडचे रोगी सारखेच निवळतात. वेलीवाले मागे नाहीत आणि पुढेही नाहीत. माझे आकडे ज्यांना वेल नव्हती त्यांच्या बाबतीत रक्ताशी जुळतात. वेलीवाल्यांच्या बाबतीत मात्र रक्त निवळलं तरी माझा आकडा चढाच.

मी म्हटलं, "समितीला भीती होती मी घराच्या बाजूने झुकेन. तसं तर झालं नाही."

"नाही झालं," दिघे म्हणाले. "उलट झालं."

वाल्मिक खाली बघत होता. त्याला तेव्हाच दिसलं होतं आणि मी गप्प केलं होतं, हे त्याने काढलं नाही. मीच सांगितलं. दिघ्यांनी ते लिहून घेतलं.

माझ्या सगळ्या नोंदी बाद होणार. पुढचं काम रक्तावर चालेल, डोळे पाहायला पनवेलहून कोणी येईल. विश्वस्तांना जे झालं ते सगळं कळवणार, स्वतःच्या निष्काळजीपणासकट, असं ते म्हणाले. मुंबईच्या शिक्षणाबद्दल मी विचारलं नाही. त्यांनीच विषय काढला. "तुमचा हात चांगला आहे, ती शिफारस मी मागे घेत नाही. पण हे त्यांना सांगावं लागेल. घेतील की नाही, ते त्यांनी ठरवायचं."

घरी काय सांगायचं, ते येताना गाडीत ठरवू शकले नाही.

२७ डिसेंबर, सोमवार

सांगायची वेळच आली नाही. आत्याबाई आज स्वतः केंद्रात आल्या, ह्यांना बरोबर घेऊन. पांढऱ्या भिंतींचं त्यांना काही वाटलं नाही. सरळ दिघ्यांच्या समोर जाऊन बसल्या. मला बाहेर जा म्हणतील असं वाटलं, पण दिघ्यांनी थांबायला सांगितलं.

"डाक्टर, माज्या पाल्यानं मानसं बिगडली का?"

"नाही."

"ही म्हनली, उशिरा बरी व्हतात."

"ते चुकीचं लिहिलं गेलं. रक्तात तसं नाही."

"मंग लवकर व्हतात?"

"तसंही नाही, अंबूबाई. आतापर्यंत दिसतं ते असं की पाला दिला काय, न दिला काय, सारख्याच दिवसांत बरी होतात. ही कावीळ बहुतेकांची आपली आपण उतरते."

आत्याबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. "माज्या सासूला बी ठाव नसंल."

"कोणालाच नव्हतं. म्हणून तर तपासतोय."

"आन् भागूबाईची सून?"

ती कोण, ते ह्यांनी दिघ्यांना सांगितलं. दिघ्यांनी 'त्यात तुमचा काही दोष नाही' असं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. ते म्हणाले, "पाल्याने ती गेली नाही. पण पोटुशी बाईला कावीळ झाली की तिला इस्पितळात न्यावं लागतं. तिला न्यायला उशीर झाला."

"तीन रविवार."

"हो."

"त्यो येळ माज्या वट्यावर गेला," आत्याबाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "आन् हिनं चुकीचं का बगितलं?"

"मुद्दाम नाही. आम्ही यांना विचारलं होतं, औषध खरं ठरलं तर तुम्हाला काय मिळेल. खोटं ठरलं तर काय मिळेल, हे विचारायचं राहिलं. ती चूक आमची."

"त्ये मला इचारायचं. हिला मुंबैला जायाचं व्हतं. सहदेव दसऱ्यालाच बोललाय मला. वेल घेतली का हिचं जानं ऱ्हायलं." मग माझ्याकडे वळून, "मला का नाय सांगितलंस गं? मी जा म्हनले असते. वेलीचं काय, वाळली असती."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

मी म्हटलं, "आत्याबाई, त्याचा याच्याशी संबंध नाही. मला जे दिसलं ते मी लिहिलं."

"दिसलं असंल," आत्याबाई म्हणाल्या.

२८ डिसेंबर, मंगळवार

ह्यांनी दसऱ्यालाच सांगितलं होतं. म्हणजे आत्याबाईंना माहीत असून त्यांनी लुगडं आणलं. का, ते ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू काहीतरी बोलशील म्हणून वाट बघत होती."

३१ डिसेंबर, शुक्रवार

मुंबईला होकार कळवला. त्यांनी घेतलं तर घेतलं.

२ जानेवारी १९८३, रविवार

पाला बंद असल्याची बातमी अजून सगळीकडे पोचलेली नाही. माणसं आलीच. आत्याबाई ओटीवर बसून सांगत होत्या, पथ्य पाळा, पडून राहा, पाला नाय.

उन्हं चढल्यावर ठाकूरवाडीचा जैतू बायकोला घेऊन उतरला. तिचं नाव जनी. दोघा भावांनी तिला झोळीत घालून आणली होती. दिवस भरत आलेले, डोळे पिवळे, आणि विचारलेल्याचं उत्तर ती जरा उशिराने देत होती. जैतू म्हणाला, "आये, पाला दे. लय लांबनं आनलीय."

"पाला नाय. हिला पनवेलला न्या."

"तू दे की. तुज्या पाल्यानं माजा बाप उठला."

"उठला असता त्यो. पाला नसता तरी बी."

जैतूला हे समजलं नाही. तो रागावला. भाऊ म्हणाले, पैसं पाहिजेत का? आत्याबाई उठल्या, आत गेल्या, चपला घालून बाहेर आल्या. ह्यांना म्हणाल्या, "सहदेव, टेंपोवाल्याला बोलव. मी जाते संगती. जयू, तू बी चल, तुला इस्पितळातलं कळतं."

टेंपोत जनीचं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर होतं. चौक गाव मागे पडलं. मग जैतूने विचारलं, "तिथं पाला देतात का?" आत्याबाई म्हणाल्या, "नाय. तिथं बगतात."

इस्पितळात तरुण डॉक्टर होते. त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"कोनी नाय. संगती आले."

मी केंद्रात काम करते हे सांगितल्यावर ते माझ्याकडे वळले. "सकाळपासून पिवळेपणा वाढलाय का?"

मी जनीकडे पाहिलं. वाढल्यासारखा वाटत होता. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या.

"माझं धरू नका," मी म्हटलं. "रक्त घ्या."

१६ जानेवारी, रविवार

जनी वाचली. मूल वाचलं नाही. ती आठ-दहा दिवस तिथे होती. आत्याबाई दोनदा जाऊन आल्या.

मुंबईहून कळवलं की जागा आहे, पण पहिले सहा महिने माझी प्रत्येक तपासणी दुसरा माणूस पुन्हा करेल. हे म्हणाले, ठीकच आहे. मला ते अपमानाचं वाटलं. जाणार आहे.

दुपारी जैतू आला. तांदळाची छोटी पिशवी ओटीवर ठेवली आणि बसून राहिला. आत्याबाईंनी मला चहा टाकायला सांगितला. मी आतून ऐकत होते.

"आये, त्या दिशी पाला दिला असतास तर पोर ऱ्हायलं असतं का?"

"नाय रं."

"नक्की?"

"नक्की. त्येचं तपासून झालंय. मोटं डाक्टर हायत कर्जतला."

"त्यांनी कसं तपासलं? डोळे बगून? डोळे तर तू बी बगायचीस."

"रक्त तपासलं," आत्याबाई म्हणाल्या. "डोळ्यांवर नाय गेले."

मी चहा बाहेर नेला. जैतूने बशीत ओतून प्यायला, कप माझ्या हातात दिला आणि आत्याबाईंच्या पाया पडला. आत्याबाईंनी पिशवी परत त्याच्या खांद्यावर दिली. तो उतरून वाटेला लागेपर्यंत त्या उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "मुंबैला कदी जायाचं?"

"मार्चच्या शेवटी."

"शिमगा करून जा," त्या म्हणाल्या, आणि जेवायला पाट मांडायला आत गेल्या.